माळावर खड्डे मारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै आला की वनमहोत्सवाची धांदल उडते. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारांवर, रोपे लावतानाचे फोटो यंदाही आपल्या अंकात येतील. हौस चांगलीच आहे, पण उघडे माळ त्यातून वगळावेत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

पहिले पाऊस झाले की, गवत उंच व्हायच्या आत, याच माळांवर हबेनेरिया प्रजातीतली एक आमरी फुलते. हे ऑर्किड झाडावरचे नव्हे, जमिनीतले. एकच गोलसर पान, तेही मातीला चिकटलेले, आणि बारीक दांड्यावर एक-दोन पांढरी फुले. पाऊस सरला की पान वाळते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत ती जमिनीखाली छोट्या कंदात राहते. म्हणून उन्हाळ्यात पाहणीला येणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही आणि कागदावर 'पडीक' असा शेरा पडतो. खड्डेही मे महिन्यातच मारले जातात, हल्ली तर जेसीबीने. ते थेट कंदावरच बसतात.

गेलेली आमरी सहज परत येत नाही. तिचे बी धुळीसारखे बारीक, त्यात अन्नसाठा नसतो. मातीतल्या ठरावीक बुरशीने पोसले तरच ते रुजते. घरी कुंडीत नेऊन लावणाऱ्या हौशी मंडळींनीही हे लक्षात घ्यावे. सड्यावर गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ वाढवून आपण सावली करतो आणि उन्हात वाढणारे गवत व त्यातली आमरी घालवतो. गुरे इथे पिढ्यान्‌पिढ्या चरली, दिवाळीनंतर गवत कापले गेले, तरी आमरी टिकली होती. बॉक्साइटच्या खाणींनी काही सडे खरवडले, तो विषय वेगळ्या पत्राचा.

राधानगरी अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशात आहे, मसाई पठार संवर्धन राखीव झाले. पण गावोगावच्या गायरानांना कोण विचारतो? माळाची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील जाणकारांना सोबत न्यावे आणि मगच खड्ड्यांची जागा ठरवावी. झाडेच लावायची तर रुंदीकरणात बोडके झालेले रस्ते आहेत, पंचगंगेचा काठ आहे. वन विभागाने आणि ग्रामपंचायतींनी यंदाच्या यादीतले माळ आत्ताच कमी करावेत.

– एक वाचक, कोल्हापूर