आधी पिशवी, मग बर्फ!

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली 'तुटलेला हात जोडला. शस्त्रक्रिया यशस्वी' ही बातमी आणि तिच्यासोबतचा तो फोटो पाहिला. कडबाकुट्टीत हात गेलेल्या माणसाला धावपळ करून शहरात आणणाऱ्यांबद्दल किंवा रात्रभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या डॉक्टरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती फोटोखालच्या ओळीबद्दल : 'नातेवाइकांनी प्रसंगावधान राखून हात थेट बर्फात ठेवला, म्हणून तो वाचला.' म्हणून नव्हे हो, तरीही वाचला! आपला अंक गावोगावच्या दूध डेअरीत वाचला जातो आणि बर्फही नेमका तिथेच मिळतो. पुढचा हात कसा येणार, हे आपण कालच ठरवून टाकले आहे.

तुटलेला भाग गार ठेवायचा असतो, गोठवायचा नसतो. बर्फाला थेट टेकलेली कातडी आणि तिच्याखालच्या रक्तवाहिन्या गोठतात, पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फुटतात आणि वाहिनीचे आतले अस्तर खराब होते. वरून हात ठीक दिसतो. पण टाके घालून रक्त सोडले की त्या खराब अस्तरावर गुठळ्या धरतात आणि सकाळपर्यंत बोटे पांढरी पडतात. मग घरचे म्हणतात, 'डॉक्टरांना जमले नाही.' नुसत्या पाण्यात बुडवून आणलेला भाग फुगून पांढराफटक पडतो, तोही टाके धरायला वाईटच. हळद, स्पिरिट, डेटॉल यांतले काहीही त्यावर ओतू नये.

करायचे ते इतकेच. माती-कडबा लागला असेल तर सलाईनची बाटली हलकेच ओतून धुवावे, घासू नये. कापसाची पट्टी किंवा स्वच्छ सुती कापड सलाईनमध्ये भिजवून पिळावे, त्यात भाग गुंडाळावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च गाठ मारावी. सलाईन नसेल तर पिण्याचे पाणी चालेल, पण कापड ओलसर हवे, निथळणारे नको. मग ही पिशवी अर्धे पाणी आणि अर्धा बर्फ असलेल्या डब्यात ठेवावी. पिशवीवर तुटल्याची वेळ लिहावी. जे तुकडे मिळतील ते सगळे आणावेत. जोडता येणार नाही अशा बोटाची कातडी, हाड किंवा मज्जातंतू शेजारच्या बोटाला वापरता येतो. कातडीच्या पट्टीवर लोंबकळणारा भाग मात्र कात्रीने 'मोकळा' करू नये. त्या पट्टीतून एखादी शीर चालू असू शकते. त्याला फळीचा आधार द्यावा आणि बर्फाची पिशवी कापडावरून बाहेरून लावावी.

अंगावर राहिलेल्या हाताच्या तुटक्या टोकावर स्वच्छ कापडाचा घट्ट दाब द्यावा आणि हात उंच धरावा. बहुतेक वेळा तेवढ्याने रक्त थांबते. उडणारी धमनी चिमट्यात पकडून दोऱ्याने बांधणारे 'तज्ज्ञ' वाटेतल्या दवाखान्यांत भेटतात. ते धमनीचे तोंडच चिरडतात आणि पुढच्या सर्जनला तेवढी लांबी कापून टाकावी लागते. दाबानेही थांबलेच नाही तर रुंद पट्टा बांधून वेळ लिहावी. सुतळी किंवा तार नको. आणि कृपा करून जखमीला धीर देण्यासाठी चहा पाजू नये, कारण पुढे दहा-बारा तासांची भूल द्यायची असते. तंबाखूची चिमूटही नको. निकोटीनने नेमक्या त्याच बारीक वाहिन्या आवळतात.

बातमीत 'नऊ तासांनी' असे आहे, पण हात कुठून तुटला ते कुठेच नाही. सगळ्यात महत्त्वाचा तपशील तोच! बोटात स्नायू नसतात. ते न थंड करता साधारण बारा तास आणि नीट थंड ठेवून चोवीस तास तग धरते. मनगटाच्या वर, कोपराच्या आसपास तुटला तर भरपूर स्नायू असतात आणि मुदत निम्म्यावर येते : न थंड करता सहा, थंड ठेवून बारा. त्यानंतर जोडलेल्या हातातून मेलेल्या स्नायूंचे पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंतले प्रथिन) रक्तात उतरते. पहिल्याने हृदयाची लय बिघडते, दुसऱ्याने मूत्रपिंड बसते. हात जोडण्याच्या नादात माणूस जाऊ शकतो, म्हणून कधी कधी न जोडणे हाच योग्य निर्णय असतो. असा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरबद्दल आपण काय छापता तेही आम्ही वाचतो. कडबाकुट्टीत तर एकच हात दोन-तीन पातळ्यांवर कापला जातो आणि मळणी यंत्र किंवा चरकात तो चिरडून ओढला जातो. कोयत्याच्या सरळ घावाशी त्याची बरोबरी करू नये.

'सर्व नसा जोडण्यात यश' या वाक्याबद्दल आपल्या वार्ताहराला फारसा दोष देत नाही, दोष आपल्या भाषेच्या सवयीचा आहे. मराठीत रक्त आणणारी धमनीही नस, रक्त परत नेणारी शीरही नस, मज्जातंतूही नस आणि स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, तीही नसच. प्रत्येकीचे घड्याळ वेगळे. बोटाची धमनी जेमतेम एक मिलिमीटरची. ती केसाहून बारीक दोऱ्याने शिवतात आणि ती चालली की नाही हे पहिल्या दोन-तीन दिवसांत कळते. बोट पांढरे, गार आणि सुरकुतलेले पडले तर धमनी तुंबली. जांभळे, फुगीर, दाबून सोडल्यावर झटकन भरणारे झाले तर शीर तुंबली. शीर पुन्हा जोडण्यासारखी नसेल तर औषधी जळवा लावतात. नवीन बारीक शिरा फुटेपर्यंत, म्हणजे चार-पाच दिवस, साचलेले रक्त त्या ओढतात. त्यांच्या पोटातल्या जंतूंसाठी वेगळे प्रतिजैविकही द्यावे लागते. कंडरा पहिले तीन आठवडे अशक्त असते. जास्त हलवली तर तुटते, न हलवली तर चिकटते. ती चिकटल्यावर सोडवण्याची दुसरी शस्त्रक्रिया काही महिन्यांनी होते. तिची बातमी कुठल्याच पानावर येत नाही. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा आणि हिशेब करा : सहा-सात महिने. तोवर तव्याचा चटका बसून फोड येतो, तरी कळत नाही.

मग 'यशस्वी' हे आपण रात्री कोणत्या नसेच्या भरवशावर ठरवले? बोस्टनला १९६२ मध्ये रोनाल्ड माल्ट यांच्या चमूने बारा वर्षांच्या मुलाचा दंडातून तुटलेला हात जोडला. मज्जातंतू त्यांनी त्या दिवशी जोडलेच नव्हते, ते काही महिन्यांनी. आणि वैद्यकीय नियतकालिकात अहवाल छापला तो १९६४ मध्ये. जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई यांनी १९६५ मध्ये तुटलेला अंगठा जोडला. त्यांचा अहवाल १९६८चा. जोडलेला हात किती कामाचा झाला हे ठरवायला शांघायचे सर्जन चेन झोंगवेई यांच्या नावाची प्रतवारी आजही वापरतात. तिचा पहिला वर्ग म्हणजे माणूस मूळ कामावर परतला आणि सांध्यांची हालचाल साठ टक्क्यांच्या वर आली. चौथा वर्ग म्हणजे हात जगला, पण उपयोग जवळपास शून्य. आपल्या बातमीत पहिला आणि चौथा एकाच मथळ्यात बसतात. दुसऱ्याचा हात रोपण्याचेही तेच. फ्रान्समध्ये लिऑनला सप्टेंबर १९९८ मध्ये हात बसवला तेव्हा जगभर मथळे झाले. रुग्णाने औषधे सोडली, शरीराने हात नाकारला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये लंडनला तो काढावा लागला.

दुसरा फोटो पुष्पगुच्छाचा. लोकप्रतिनिधी, त्यांच्यामागे आठ-दहा कार्यकर्ते आणि मध्ये पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला रुग्ण. पहिले तीन दिवस खोली उबदार आणि शांत ठेवतात, कारण थंडी, वेदना आणि भीती या तिन्हींनी ताज्या जोडलेल्या वाहिन्या आकसतात. दर तासाला नर्स येऊन बोटाचा रंग आणि ऊब पाहते. त्या गर्दीतून ती पलंगापर्यंत कशी पोहोचली असेल, हेही वार्ताहराने विचारायला हवे होते.

जाता जाता, त्याच पानाच्या तळाशी 'विना शस्त्रक्रिया, विना काप, पायाच्या नसांचे ब्लॉकेज साफ' अशी पाव पानाची जाहिरात आहे. पुन्हा नसा! चालताना पोटरी धरते, थांबले की सुटते, अशा माणसाच्या घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर धमनीचा आजार, ०.४ च्या आसपास उतरले तर पाय धोक्यात. मधुमेहात धमनीच कडक झालेली असते, तेव्हा हा आकडा फसवा चांगला येतो आणि अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. अंगठा काळा पडू लागलेला माणूस ही जाहिरात वाचून महिनाभर काढे पीत बसतो आणि मग अंगठ्याऐवजी गुडघ्याखालून पाय जातो.

दुरुस्ती छापणार असाल तर ती फोटोच्याच आकारात छापावी : ओलसर कापड, बंद पिशवी, मग बर्फ-पाणी. जागा नसेल तर ती पाव पानाची जाहिरात काढावी, पुरेशी होईल.

कळावे,
आपला एक जुना वाचक, सोलापूर
(नाव छापू नये)