सावलीतलं तापमान

पुणे,
२८ एप्रिल

प्रिय मंजू,

तुझं पत्र पोचलं. ‘पुण्यात कसला आलाय उन्हाळा, एकदा नागपुरात ये म्हणजे कळेल’ हे वाक्य तू दर एप्रिलला लिहितेस आणि मी दर एप्रिलला मुकाट ऐकून घेते. पंचेचाळीस अंशांपुढे माणूस काय वाद घालणार? पण या वेळी माझ्याकडेही सांगण्यासारखं आहे. गेल्या रविवारी भर दुपारी मी आमच्या प्रभात रोडवरून पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीपर्यंत, जनता वसाहतीपर्यंत, चालत गेले. हो, चालत. छत्री होती, ओरडू नकोस.

झालं असं, की आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी (मागच्या खेपेला ज्यांच्या पुरणपोळ्या तू चार हाणल्यास, त्याच) काम आटपून जरा टेकल्या होत्या. म्हणाल्या, “ताई, तुमच्याकडचं ऊन निराळं असतं.” सव्वीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई मी. सूर्य एक, अक्षांश एक, मध्ये जेमतेम तीन-चार किलोमीटर, असं काहीबाही मी ऐकवलं. मावशींनी कपबशी विसळून पालथी घातली आणि म्हणाल्या, “मग या की एकदा. दीडला निघते मी.”

निघताना मी शाळेतला एक थर्मामीटर पिशवीत टाकला. तुला आकडे कळवीन, नागपूरकरीण गप्प होईल, हा हेतू. पण गल्लीच्या टोकाला तो उन्हात धरला आणि माझंच मला हसू आलं. उन्हात धरलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापलाय ते सांगतो. हे मी दर वर्षी पोरांना शिकवते! वेधशाळेत म्हणून तर तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, मोकळ्या जागी, खाली गवत. आपल्या शिमला ऑफिसच्या आवारात ती पेटी आपण सहलीत पाहिली होती, आठवतं? तुला त्या वेळी फक्त एवढंच हवं होतं, की पुण्यात शिमला कुठून आलं. (१९२८ मध्ये हवामान खात्याचं कार्यालय शिमल्याहून इथे हलवलं म्हणून. चाळीस वर्षांनी उत्तर देतेय.)

तर पेपरात येतो तो आकडा सावलीतला. मैदानी भागात तोच आकडा चाळीसला टेकल्याशिवाय उष्णतेची लाट जाहीर होत नाही. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, त्याशिवाय दोन गावांची तुलनाच करता येणार नाही. पण सावली आधीच धरून चाललेला आकडा हा. थर्मामीटर मी परत पिशवीत ठेवला आणि ठरवलं, आता मावशी जिथे हात लावतील तिथे आपण हात लावायचा.

आमच्या गल्लीत दीड वाजता कुंपणाची लोखंडी जाळी गार लागली. दोन्ही बाजूंच्या पर्जन्यवृक्षांच्या फांद्या वर एकमेकींत शिरल्यात, ऊन खाली उतरतं ते कवडशांपुरतं. नुसती सावलीच नव्हे, झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतं, त्या पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच जाते. माठ गार होतो तसंच. पायाखाली त्यांच्या चिकट शेंगांचा लगदा झालेला असतो, त्यावरून आमच्या सोसायटीत दर मीटिंगला तक्रार होते. मावशी ती शेंग चपलेने बाजूला सारत म्हणाल्या, “इथवर कळतच नाही बघा. पुढं कळतं.”

पुढे म्हणजे कर्वे रस्त्यावर. वर मेट्रोचा पूल आहे, त्याची सावली पडते. पण एप्रिलअखेर सूर्य जवळजवळ डोक्यावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्यामुळे पुलाची सावली पुलाखालीच, म्हणजे रस्त्याच्या मधोमध, गाड्यांवर. फुटपाथवरचा माणूस उन्हातच. दुकानांचे एसी आत गारवा धरतात आणि बाहेरच्या डब्यातून गरम वारा सोडतात, तो नेमका चालणाऱ्याच्या अंगावर. मावशींना कुठल्या दुकानाचा डबा कुठल्या उंचीवर आहे ते पाठ आहे. “हितं पलीकडनं जायचं,” म्हणून त्यांनी मला दोनदा खेचलं. या रस्त्याचा नकाशा मी वर्गात काढलाय, पण असा कधीच नाही.

म्हात्रे पुलावर वारा होता, तोही भट्टीतला. दत्तवाडीपासून झाडं विरळ होत गेली आणि दांडेकर पुलापाशी संपलीच म्हण. तिथे मी एका टपरीच्या पत्र्याला हात लावला आणि ‘आई गं’ झालं. पोरं हसली.

वसाहतीत शिरताना वाटलं होतं, गल्ल्या अरुंद आहेत, सावली असेल. होती. सदाशिव पेठेतल्या आजीच्या वाड्याच्या बोळासारखी. पण आजीच्या वाड्याला हातभर जाडीच्या भिंती होत्या, वर कौलं होती, मधे चौक होता. इथे एकेरी विटेची भिंत, वर पत्रा, आणि घराला एकच दार. मावशींचं घर दहा बाय दहाचं, वर पोटमाळा. नात दहावीची, तिचा अभ्यास पोटमाळ्यावर. मी शिडीवरून फक्त डोकं वर काढलं, मंजू. कढईचं झाकण उघडल्यावर तोंडावर येतं ना, तसं. वर पुठ्ठे आणि थर्मोकोल ठोकलेत, पत्र्यावर कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पसरलाय आणि त्यावर ओलं गोणपाट. नळाला पाणी असलं तर ओलं, नाहीतर वाळकंच. नात म्हणाली, “टीचर, दुपारी देवळापाशी बसते मी, पण तिथं पत्ते चालतात.” वसाहतीच्या त्या टोकाला एकच पिंपळ. त्याच्या सावलीत पुरुष. बायका उंबऱ्यात. हे कुठल्या थर्मामीटरने मोजायचं सांग.

मग मी शहाणपणा केला. शेजारी नवा स्लॅब पडला होता. मावशींच्या डोळ्यांत तेच स्वप्न. मी सांगायला लागले की पत्रा दुपारी लवकर तापतो तसा रात्री लवकर निवतोही, स्लॅब मात्र दिवसभर ऊन पिऊन रात्रभर ओकत राहतो, झोपेच्या दृष्टीने… मावशींनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, “ताई, वळवात स्लॅब उडत नाही.” दोन वर्षांपूर्वी त्यांचा पत्रा पलीकडच्या गल्लीत सापडला होता. मी गप्प.

आणि रात्री निवतो ते तरी कुणाच्या कामाचं? चैत्र-वैशाखात संध्याकाळी आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो, पुण्याची सारी कीर्ती त्या वाऱ्यावर. तो घरात यायचा तर दार उघडं हवं. घरात तरणी नात. दार साडेदहाला बंद होतं, कडी लागते. म्हातारे ओट्यावर झोपतात, पोरं पायऱ्यांवर, बायका आत. बाहेर किमान तापमान उतरलेलं असतं आणि आत पंखा तीच हवा ढवळत असतो. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला गार रात्र लागते, ती न मिळता ओळीने चार-पाच दिवस गेले की त्रास वाढत जातो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली, तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी स्वतंत्र आराखडा केला, देशातला पहिला. तिथल्या वस्त्यांमधून छपरांना पांढरा चुन्याचा हात देतात हे मी मावशींना सांगितलं. हे मात्र त्यांना पटलं. “चुना स्वस्त हाय,” म्हणाल्या.

निघताना आम्ही वर टेकडीकडे चढलो. वसाहत पर्वतीच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलीय. जसजसं वर जावं तसतसा वारा लागतो. मला वाटलं, वरचे सुखी. तर वर नळाला जोर नाही, हंडे वाहून न्यायचे, ॲम्ब्युलन्स खालीच थांबते. मावशींच्या शब्दांत, “वरच्यांना वारा, खालच्यांना पाणी.” आणि खालच्यांना पाणी म्हणजे कधी नको इतकं. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली, ऐन कोरड्या दिवसात दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. वर्षाच्या आत, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबील ओढ्याला पूर आला. ज्यांचे पत्रे सर्वांत तापतात त्यांचीच घरं सर्वांत आधी बुडतात, हे मी तुला कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये. मावशींच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे, तिच्यावर त्यांनी कॅलेंडर लावलंय.

परत मी रिक्षाने आले, कबूल करते. संध्याकाळी गॅलरीत बसले तर पर्जन्यवृक्षाने पानं मिटायला घेतली होती. आणि आता तुला सांगायचं टाळत होते ते सांगते. आमची सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. अकरा मजले, खाली तीन मजली पार्किंग. गल्लीतल्या त्या पर्जन्यवृक्षांपैकी एक नकाशात नाही. संमतिपत्रावर माझी सही आहे. फेब्रुवारीतच केली, लिफ्टच्या आणि गुडघ्यांच्या नावाने. ‘झाडाचं पुनर्रोपण करू’ असं लिहून दिलंय. साठ वर्षांचं झाड उचलून लावलं की काय होतं ते मला आणि लिहून देणाऱ्याला दोघांनाही माहीत आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड कायद्याने वारसा वृक्ष ठरतं. त्यामुळे झाडाच्या वयाचा पुरावा शोधतेय. आईच्या पेटीत १९६७ चा एक फोटो सापडलाय, बाबा नव्या लॅम्ब्रेटावर आणि मागे ते झाड, तेव्हाच दुमजली घराएवढं. तो घेऊन उद्यान विभागात जाणार आहे. सोसायटीत अजून कुणाला बोलले नाही. बोलले की मीटिंगला शेंगांची तक्रार काढणाऱ्या वहिनी माझं काय करतील ते तू ओळखतेस.

मावशी सोमवारी नेहमीसारख्या सातला आल्या. मी विचारलं, वर्गातल्या मुलींना एकदा तुमच्याकडे आणू का, हात लावत लावत चालायला? म्हणाल्या, “आणा, पण पाण्याच्या बाटल्या आपापल्या आणायच्या.”

आता तुझं काम. मावशींच्या मनात कूलर आहे. मी म्हटलं, नागपूरकर मैत्रिणीला विचारते. एकच दार असलेल्या बंद खोलीत कूलर लावला तर दमट होऊन अजून उबेल, असं मला वाटतं. नीट चालायला बाहेरची हवा आत आणि आतली बाहेर जायला वाट लागणार, शिवाय रोज किती बादल्या पाणी? तुमच्याकडे झोपड्यांतून लोक काय करतात ते खरंखरं कळव. दाराला वाळ्याची टट्टी लावली तर वाराही येईल आणि कडीही राहील, असं काही जमतं का? दार साडेपाच फूट बाय सव्वादोन, मी मोजून आणलंय. इतवारीत मिळत असेल तर भाव विचारून ठेव, कुरिअरने नको, शिऱ्या मेमध्ये येतोय त्याच्याबरोबर धाड.

भाऊजींना नमस्कार, आणि दुपारी छतावर वाळवणं घालायला जाऊ नकोस.

तुझी,
शुभा