पंच्याहत्तर पोरांचा हिशेब

प्रिय सुभ्या,

पुतण्याने काढलेली अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी बघितली. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल, हेंड्रिक्स. पोरगं हुशार आहे, आणि घरच्यांना महागात पडणारं आहे. पण खरी मजा आली ती तू शेवटी टाकलेल्या प्रश्नाने. "दोन हजार पोरांचं कॉलेज आणि फुटबॉलच्या फोटोत पंच्याहत्तर जण उभे! हे कॉलेज आहे का तालीम?" भावा, तू चेष्टेत विचारलंस, पण इथल्या विश्वस्त मंडळांत या एका प्रश्नावरून भांडणं झालीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी एवढी पोरं कशाला ते सांगतो. इथल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानात अकराच असतात, पण चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. शिवाय लाथ मारायला वेगळा माणूस. खेळ असा की दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा गुडघा किंवा खांदा जातोच, त्यामुळे प्रत्येकाच्या मागे एक-दोघं तयार ठेवावी लागतात. विल्यम्स आणि ॲमहर्स्ट ज्या लीगमध्ये आहेत तिथे पंच्याहत्तरची कमाल मर्यादा आहे, आणि ती सहज भरते. आता गणित कर. दोन हजारांत मुलगे साधारण निम्मे. म्हणजे दर तेरा-चौदा मुलग्यांमागे एक फुटबॉलवाला. ओहायो स्टेटसारख्या अवाढव्य विद्यापीठात शे-सव्वाशे खेळाडू गर्दीत कुठे दिसतही नाहीत. टीव्हीवर लाखांचं स्टेडियम त्यांचं असतं, पण कॉलेजच्या रोजच्या जगण्यावर फुटबॉलची छाप बघायची तर ती छोट्या कॉलेजात. हे इथे राहायला येईपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डला, आणि विल्यम्सचं गाव विल्यम्सटाउन माझ्यापासून गाडीने पाऊण तासाच्या आत. मागे ग्रेलॉक डोंगर, ऑक्टोबरात झाडं लालभडक, आणि मधे कॉलेजचं मैदान, वेस्टन फील्ड. विल्यम्स कॉलेज १७९३ चं. १८२१ मध्ये तिथले अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर पंधरा विद्यार्थी घेऊन बाहेर पडले आणि नव्याने निघालेल्या ॲमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. जाताना ग्रंथालयातली पुस्तकंही उचलून नेली अशी दंतकथा विल्यम्सवाले आजही रंगवून सांगतात. म्हणजे भांडण आधीचं, फुटबॉल नंतर आला. १८८४ मध्ये ही दोन कॉलेजं पहिल्यांदा फुटबॉलला भिडली आणि तेव्हापासून सीझनचा शेवट कसा झाला हे या एका सामन्यावरून ठरतं. आठ सामने हरलेला संघ ॲमहर्स्टला हरवून आला तर त्याचं वर्ष सोन्याचं. तुला हे समजावून सांगायला नको. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की गुणतक्त्याकडे कोण बघतं?

१९९५ चा सामना चिखलात झाला आणि ०-० सुटला. पुढच्याच वर्षी कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळेचा नियम आला, त्यामुळे तसा निकाल आता लागूच शकत नाही. आणि १९९७ ला विल्यम्सने ४८-४६ ने जिंकला, तोही शेवटच्या काही सेकंदांत मारलेल्या फील्ड गोलवर, म्हणजे लाथेने खांबांमधून धाडलेल्या चेंडूवर! दोन्ही सामन्यांना हजर असलेली म्हातारी मंडळी अजून भेटतात, आणि चिखलातल्या शून्य-शून्यबद्दल जास्त प्रेमाने बोलतात. २००७ मध्ये तर ईएसपीएन वाहिनीचा 'कॉलेज गेमडे' हा कार्यक्रम, जो एरवी दिग्गज विद्यापीठांच्या दारात तंबू ठोकतो, तो इथे आला होता. घरच्या मैदानावर हा सामना जिंकला की संघ अंगातल्या त्याच मळक्या कपड्यांत, पोरं, आईबाप, माजी विद्यार्थी सगळ्यांना घेऊन, स्प्रिंग स्ट्रीटने चालत एका न्हाव्याच्या दुकानात जातो. गुलाल नसतो, बाकी सगळं आपलंच.

जाता जाता एक. याच विल्यम्समधून १८०८ साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल नावाचा मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि त्याच्यापासून अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना तो पटकीने गेला. या डोंगरातल्या पोराने मराठी शिकून मराठीत प्रवचनं केली, तेव्हा इथे फुटबॉलचा पत्ताही नव्हता. पुतण्याला सांग, ओळख जुनी आहे.

आता मुद्द्यावर येतो. या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. विल्यम्स-ॲमहर्स्टमध्ये तर पैशाची मदत घरची परिस्थिती बघूनच मिळते, मग पोरगा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा म्होरक्या, असो वा बासरीवादक. ऐकायला छान वाटतं. पण कोचच्या हातात एक वेगळी गोष्ट असते, तिला इथे 'टिप' म्हणतात. मोजक्या पोरांची नावं कोच प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो आणि त्या नावांकडे जरा नरम नजरेने बघितलं जातं. मार्क चांगलेच लागतात, पण इतरांइतके लागतीलच असं नाही. किती टिपा द्यायच्या यावर लीगमध्ये करार आहे, कारण एकाने सैल सोडलं की सगळे सोडणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे इथे चलन पैशाचं नाही, जागेचं. ज्या वर्गात पाचशेच पोरं घ्यायची आणि बाहेर हजारो उभी, तिथे प्रत्येक जागा कुणाच्या तरी तोंडची असते.

स्वार्थमोरने हाच हिशेब मांडला. फिलाडेल्फियाजवळचं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेलं कॉलेज, तेव्हा दीड हजाराच्या आत पोरं, १८७८ पासूनचा फुटबॉल. संघ मात्र असा की मधे सलग २८ सामने हरले, १९९९ मध्ये कुठे ती माळ तुटली. २००० चा सीझन चार विजय, पाच पराभव. त्यांच्या मानाने दिवाळीच. आणि तो संपून महिनाही झाला नव्हता तोवर डिसेंबरात विश्वस्तांनी २१ विरुद्ध ८ मतांनी फुटबॉल बंद केला. कारण दिलं ते हेच: एवढ्याशा कॉलेजात सगळ्या खेळांचे संघ नीट भरायचे तर प्रवेशाच्या फार जागा खेळाडूंना द्याव्या लागतात, आणि फुटबॉल सगळ्यात खादाड. त्याच ठरावात कुस्तीही गेली. (हे वाक्य तू मोतीबाग तालमीत कुणाला वाचून दाखवू नकोस.) त्या मंडळावर नील ऑस्ट्रियन नावाचे माजी विद्यार्थी होते, जे पूर्वी एनएफएलचे, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, अध्यक्ष होते. त्यांच्या टेबलावर हा ठराव आला याची गंमत वाटते मला.

माझं मत विचारशील तर स्वार्थमोरचं गणित बरोबर होतं आणि वागणं चुकीचं. ज्या पोरांना तुम्हीच घरी जाऊन बोलावलंत, त्यांना कॉलेजात आल्यावर तुमची जागा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान होतं असं ऐकवायचं नसतं. बंद करायचाच होता तर नवी भरती थांबवायची आणि असलेल्यांना चार वर्षं खेळू द्यायची होती.

पण हे झालं ज्यांच्या दारात रांग आहे त्यांचं. यादीतलं हेंड्रिक्स बघ, आर्कान्सॉमधलं. त्यांनी १९६० मध्ये फुटबॉल सोडला आणि २०१३ मध्ये परत सुरू केला. जॉर्जियातल्या बेरी कॉलेजनेही त्याच वर्षी संघ उभा केला. कारण उलटं. अशा कित्येक कॉलेजांत मुली भरपूर, मुलगे कमी, आणि वर्ग रिकामे राहण्याची धास्ती. फुटबॉल सुरू केला की शंभर मुलगे येतात, शंभर जणांची फी येते, होस्टेल भरतं. खेळासाठी शिष्यवृत्ती नसल्यामुळे उलट तेच पैसे भरून खेळतात! एका ठिकाणी ज्या खेळाने जागा खाल्ल्या तोच दुसरीकडे जागा भरतो. मात्र हा उपाय किती पुरतो हेही बघून ठेव. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने २००७ मध्ये फुटबॉल परत आणला होता, आणि ३१ मे २०२४ ला अख्खं कॉलेजच बंद झालं. त्या दिवशी त्यांचा बेसबॉलचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता.

ग्रिनेलची गोष्ट आणखी वेगळी. तिथे ना पैशाची चणचण ना विद्यार्थ्यांची. आयोवाच्या मक्याच्या शेतांत वसलेलं, गर्भश्रीमंत कॉलेज. २०१९ मध्ये तीन सामने झाले, तिन्ही हरले, आणि ३९ जणांतले धडधाकट उरले २८. दमलेली तीच पोरं चढाईलाही आणि अडवायलाही उभी करायची म्हणजे डोकी फुटायची वाट बघणं. शेवटी खेळाडूंनीच पुढे होऊन सांगितलं, बास. उरलेला सीझन रद्द झाला. डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल आता इथले आईबापही उघड बोलतात, आणि मला विचारशील तर जागांच्या हिशेबापेक्षा हा हिशेब या खेळाला जड जाणार आहे. ग्रिनेलच्या पोरांबद्दल मला आदर आहे. आपल्याकडे पायाला पट्टी बांधून उतरणाऱ्याचं कौतुक होतं, "नको" म्हणणाऱ्याचं होत नाही.

एवढं सगळं माहीत असून मी शनिवारी वेस्टन फील्डला जातो का? जातो. तिथे तिसऱ्या फळीत उभा असलेला, चार वर्षांत मोजून काही मिनिटं खेळणारा, रात्री केमिस्ट्रीचा रिपोर्ट लिहिणारा पोरगा दिसतो. याला पुढे कुणी विकत घेणार नाही आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी तो पहाटे उठून धावतो. त्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला हवी होती असं कागदावर लिहिता येतं, त्याच्याकडे बघत म्हणता येत नाही.

आता पुतण्याचं. तो फुटबॉल खेळणार नाही, म्हणून हे त्याच्या कामाचं नाही असं समजू नकोस. कॉलेज बघायला येईल तेव्हा शनिवारीच ये म्हणावं, सामना बघ, पण त्याआधी जेवणाच्या हॉलमध्ये तासभर बसून राहा. खेळाडू एका टेबलावर आणि बाकीचे दुसऱ्या, असं दिसतं का? मिसळून बसत असतील तर बिनधास्त अर्ज कर. प्रवेश कार्यालयात विचार, दरवर्षी कोचच्या यादीतून किती जण घेता? सरळ उत्तर देणारं कॉलेज चांगलं. आणि हेंड्रिक्सला विचार, पहिल्या वर्षी आलेल्यांतले किती दुसऱ्या वर्षाला टिकतात.

राहायला माझ्याकडेच यायचं, हॉटेलबिटेल नाही. येताना तांबड्या-पांढऱ्याचा मसाला आणि वहिनींच्या हातची चटणी, कस्टमवाल्यांना घाबरून कमी पाठवू नका. यंदा शाहू स्टेडियमला फायनल कुणाकुणात झाली तेही कळव. मागच्या वेळी नुसता अंगठा पाठवला होतास, त्यावरून कोण जिंकलं ते मला कळलं नाही.

तुझा,
बंड्या