दशांसकट हिशेब शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा तिसऱ्या ताण्यातला (मागावर एका वेळी लावलेल्या उभ्या धाग्यांतला) शेवटचा स्कार्फ धुऊन वाळवला आणि त्याला पट्टी लावली. कागदावर लांबी ७२ इंच लिहिली होती, ती प्रत्यक्षात ७१ इंच ६ सूत भरली (सुतारी सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपले नव्हे). दोन सुतांचा हा फरक तुम्ही नक्की काढून दाखवला असता, पण मला मात्र त्या क्षणी तुम्हाला पत्र लिहावेसे वाटले. वेंगुर्ल्यात स्कार्फ घ्यायला येणारी माणसे ‘हे कोणाकडे शिकलात’ असे हमखास विचारतात आणि मी दर वेळी अर्धवट उत्तर देते, म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता सर्वांना वाचता येईल असे ठेवले आहे.

बंद पडलेल्या एका विणकाम वर्गाकडून घेतलेला माझा चार वह्यांचा (धागे वर-खाली करणाऱ्या, डोळे असलेल्या चौकटींचा) आणि पायाने दाबायच्या सहा पावड्यांचा माग टेम्पोतून आंबोली घाट उतरून आला, तेव्हा तो माग नव्हताच, नुसता लाकडांचा भारा होता. तो कसाबसा उभा केल्यावर मला इतकी घाई झाली की ७२ इंचांचा स्कार्फ हवा म्हणून मी ८० इंचांचा ताणा घेतला आणि आठ इंच जास्त धरले याचाच मला अभिमान वाटला. पंचेचाळीस इंच विणून होताहोताच मागच्या बीमच्या, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या दांड्याच्या, गाठी वह्यांना येऊन टेकल्या आणि पावडी कितीही दाबली तरी बाणा म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा जाण्याएवढी फट उघडेना. लेकीकडे राहायला आलेले इचलकरंजीचे एक विणकर आहेत असे शेजारच्या वहिनींनी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतःच ओटीवर येऊन उभे राहिलात.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये ज्या गावात पहिला यंत्रमाग आणला, त्या गावात तुम्ही वडिलांच्या हातमागावर हात बसवला आणि पुढे सगळा संसार वहिफणीच्या, म्हणजे वह्यांतून आणि धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्यासारख्या फणीतून धागे ओवण्याच्या, कामावर केला. अशा माणसाने माझ्या अर्धवट कापडाकडे पाहून काहीतरी लागट बोलावे अशी माझी तयारी होती. तुम्ही फक्त कागद-पेन्सिल आणि मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी मागितलीत.

त्या पट्टीवर तुम्ही दोन-वीसचे (वीस नंबरचे दोन पदर पिळलेले) सुती सूत शेजारी शेजारी गुंडाळलेत आणि एका इंचात बसलेले वेढे मला मोजायला लावलेत. ते साठाच्या आसपास भरले. साध्या विणीला त्याच्या निम्मे म्हणजे ३० धागे चालतात, कारण उरलेली जागा बाण्याला लागते. परंतु गळ्याशी मऊ पडणारे कापड हवे असेल तर त्याहूनही विरळ, इंचाला २४ धागे घ्यावेत, असे तुम्ही सांगितलेत. फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांतली घरे आणि प्रत्येक घरात दोन धागे, म्हणून २४ नंबरची फणी इंचाला बरोबर २४ धागे देते, हे मला तेव्हा प्रथम कळले. तोवर फणीवर ठोकलेला तो आकडा मी कारखान्याची खूण समजत होते.

मग लांबीचा हिशेब आला आणि माझी चूक नेमकी तिथे होती. धुतल्यावर ७२ इंच उरायचे असतील तर धाग्याची वळणे आणि आटणे धरून ८० इंच घ्यावेत, दोन्ही टोकांच्या दशांना, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या धाग्यांना, सहा-सहा इंच धरावेत, म्हणजे एका स्कार्फला ९२ इंच लागतात. याखेरीज पुढे बांधायला आणि मागे वह्यांच्या पलीकडे अडकून राहणारे सुमारे ३४ इंच सूत माग स्वतःसाठी ठेवून घेतो. एक स्कार्फ विणा नाहीतर तीन, त्याचा वाटा तेवढाच. एकाच स्कार्फसाठी ताणा लावला तर चौथा हिस्सा वाया जातो आणि तिघांसाठी लावला तर जेमतेम नववा, हे तुम्ही मागाच्या खांबावर खडूने लिहून दाखवलेत. ते आकडे मी अजून पुसलेले नाहीत. तीन स्कार्फांचे ३१० इंच म्हणजे जवळजवळ ८ मीटर होतात. २२ इंच रुंदीला ५२८ धागे लागतात. एका लडीत ८४० वार आणि दोन-वीसच्या दहा लडींचा एक पौंड, म्हणजे ग्रॅमला साधारण १७ मीटर सूत, म्हणून ताण्याला पाव किलो पुरते. बाण्याला प्रत्येकी ५५ ग्रॅम वेगळे. पहिल्या खेपेला मी भीतीपोटी दोन किलो सूत आणून ठेवले होते, ते अजून संपत आहे.

वही भरतानाची तुमची शिस्त मी तशीच ठेवली आहे. चोवीस धागे ओवून झाले की त्यांची सैल गाठ मारायची, ती जुडी पुन्हा मोजायची आणि मगच पुढच्या जुडीला हात घालायचा. अशा बावीस जुड्या झाल्या की ताणा पुरा. दुसऱ्या ताण्यात कापडावर एक उभी रेघ दिसू लागली, तेव्हा मी सगळे उसवायला निघाले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात, पावडी दाबायला सांगितलीत आणि वर उचललेल्या धाग्यांखालून बोट सरकवत नेऊन चौदाव्या जुडीपाशी थांबलात. तिथे तिसऱ्या वहीत लागोपाठ दोन धागे गेले होते. तुम्ही जाड दोऱ्याच्या तुकड्याला मधोमध डोळा राखून गाठी मारल्यात, तो चौथ्या वहीवर बांधलात, चुकलेला धागा फणीपासून सोडवून त्यात ओवलात आणि थुंकीने बोटे ओली करून तो धागा पुन्हा पुढे बांधलात. चहा निवायच्या आत हे सगळे झाले. तो दोऱ्याचा डोळा अजून मागावर आहे आणि नव्या तारेच्या डोळ्यांपेक्षा माझा त्याच्यावर अधिक विश्वास आहे.

कोकणातली हवा सुताला मानवते पण फणीला मानवत नाही, हे तुमचे वाक्य मला पावसाळ्यात पटले. सुती धागा दमट हवेत अधिक बळकट होतो, त्यामुळे आषाढात माझा धागा क्वचितच तुटला. परंतु खाऱ्या वाऱ्याने पोलादी फणी गंजली आणि पांढऱ्या ताण्यावर तांबूस ओरखडा उमटला. आता काम नसताना मी फणी तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवते आणि लावण्यापूर्वी कोरड्या कापडाने पुसते. ताण्याला लावायच्या खळीसाठी तुम्ही सांगितल्याप्रमाणे पातळ पेज गाळून तिच्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब घालते, मात्र ताणा त्याच दिवशी सुकला नाही तर बुरशी धरते, म्हणून श्रावण संपेपर्यंत मी खळ लावतच नाही.

रंगाचे श्रेय काकूंचे आहे. आमसुलाच्या पाण्यात बुडवलेले माझे गुलाबी सूत साबण लागताच करडे पडले, तेव्हा त्यांनीच सुताराकडून फणसाच्या गाभ्याचा भुसा आणवला. आधी हिरडा, मग तुरटी आणि शेवटी भुशाचा काढा, या क्रमाने आलेला पिवळा रंग चार धुण्यांनंतरही तसाच आहे.

एका बाबतीत माझे तुमच्याशी अजून पटलेले नाही. ताण्याइतकाच बाणा हवा, म्हणून इंचाला २४ पिक, म्हणजे बाण्याचे २४ फेरे, मारावेत, असा तुमचा आग्रह आहे आणि मी २० वर थांबते. पिकांवर मजुरी मोजणाऱ्या गावचा माणूस पिक कमी कसा मारू देईल, हे मी समजू शकते. परंतु वीस पिकांचा स्कार्फ खांद्यावरून अधिक अलगद ओघळतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. फणीचा ठोका हलका ठेवावा लागतो एवढेच.

तुम्ही इतक्या सकाळी माझ्यासाठी घालवल्यात आणि निघताना कुळथाच्या पिठाच्या एका डब्याखेरीज काही घेतले नाहीत. त्याबद्दल मी तुमची आणि काकूंची मनापासून ऋणी आहे. एस. टी.च्या पार्सलाने तिसरा पिवळा स्कार्फ पाठवत आहे. त्याचा डावा काठ उजव्यापेक्षा थोडा आत ओढला जातो आहे. धोटा त्या बाजूने परतताना मी बाणा जास्त ताणते, की तिकडचे ताण्याचे धागेच सैल आहेत, हे कापड हातात घेऊन पाहावे आणि कळवावे. चौथा ताणा तोवर काठ्यांवरच ठेवते.

आपली,
वेंगुर्ल्याची शिकाऊ विणकर