बुडणाऱ्या कंपनीचा हिशेब

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

होस्टेस ही अमेरिकी बेकरी कंपनी कामगार संघटनेच्या हट्टापायी बुडाली आणि सुमारे साडेअठरा हजार लोकांचा रोजगार गेला, असे तू लिहिले आहेस. नोव्हेंबर 2012 मध्ये बेकरी कामगारांचा संप झाला आणि त्याच महिन्यात कंपनी गुंडाळण्याची घोषणा झाली, हे खरे आहे. संघटनांमध्येही एकमत नव्हते. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेने कपातीचा प्रस्ताव निसटत्या बहुमताने का होईना, पण स्वीकारला होता. मात्र 2004 नंतरची ही कंपनीची दुसरी दिवाळखोरी होती, पहिल्या खेपेस कामगारांनी सवलती दिल्याच होत्या आणि ऑगस्ट 2011 पासून कंपनीने पेन्शन निधीतला भरणाच थांबवला होता. एवढे सोसल्यावर पुन्हा वेतनकपात समोर आली, तेव्हा बेकरी कामगारांनी काम बंद केले. पुढे कंपनी मोडीत निघत असताना न्यायालयाने 19 वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी सुमारे 18 लाख डॉलरपर्यंतचे बोनस मंजूर केले, ही गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच आली नाही.

पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे. वाटाघाटीत संघटना आजच्या पगारवाढीवर पाणी सोडते आणि त्याबदल्यात म्हातारपणच्या रकमेचा शब्द घेते. म्हणजे ती रक्कम कामगाराने आधीच कमावलेली असते, फक्त हाती पडायची राहिलेली असते. बँक कर्ज देताना तारण लिहून घेते, कामगार मात्र आपले श्रम विनातारण उधार देतो आणि म्हणून दिवाळखोरीत वसुलीच्या रांगेत मागे पडतो. स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीने 1963 मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद केला, तेव्हा हक्क पक्का झालेल्या हजारो कामगारांना देय रकमेचा जेमतेम सातवा हिस्सा मिळाला आणि त्यांच्याहून तरुण असलेल्यांना काहीच मिळाले नाही. 1974 चा पेन्शन संरक्षण कायदा आणि पेन्शनची हमी घेणारे सरकारी महामंडळ यांमागे हा अनुभव होता.

हमीलाही मर्यादा असते. युनायटेड एअरलाइन्सने 2005 मध्ये न्यायालयाच्या संमतीने आपल्या पेन्शन योजना महामंडळाच्या गळ्यात टाकल्या. तूट सुमारे 9.8 अब्ज डॉलरची होती, महामंडळाच्या हमीत त्यातले सुमारे 6.6 अब्ज बसले आणि उरलेला भार कर्मचाऱ्यांवर व निवृत्तांवर पडला. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीतून हलकी होऊन बाहेर आली.

अधिकाऱ्यांना केवळ टिकवून ठेवण्यासाठी दिवाळखोरीच्या काळात दिल्या जाणाऱ्या बोनसवर अमेरिकी संसदेने त्याच 2005 मध्ये कडक बंधने घातली. वकीलमंडळींनी पळवाट शोधली, आणि ती फारशी अवघडही नव्हती: तोच बोनस 'कामगिरीचा' म्हणून द्यायचा, नाहीतर दिवाळखोरीचा अर्ज दाखल करण्याआधीच वाटून मोकळे व्हायचे. 2020 या आर्थिक वर्षात अर्ज केलेल्यांत सरकारी लेखापरीक्षकांना अशा 42 कंपन्या आढळल्या. त्यांनी अर्जापूर्वी मिळून सुमारे 16.5 कोटी डॉलर वाटले होते. चांगली माणसे टिकली नाहीत तर कंपनी सावरणार नाही, हा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण तो भट्टीपुढच्या कुशल कामगाराला कधी का लागू होत नाही, याचे उत्तर कोणी देत नाही.

तू आता पुनर्रचनेच्या प्रस्तावांवर काम करणार आहेस. प्रत्येक फाइलमध्ये पेन्शन निधीत शेवटचा भरणा कधी झाला आणि संचालक मंडळाने शेवटचा बोनस कधी मंजूर केला, या दोन तारखा आधी शोध, आणि मगच संपाची तारीख पाहा.

तुझे,
बाबा