न्यायमूर्ती मॅकगिनेस बाईंना, डब्लिनहून

आदरणीय कॅथरीन मॅकगिनेस बाई,

सप्रेम नमस्कार.

आपली कधी भेट झालेली नाही, आणि हे पत्र मराठीत असल्यामुळे तुम्हाला ते थेट वाचताही येणार नाही. पण तुमचे दिवंगत यजमान आयरिश भाषेतले पत्रकार होते, कॉनरा ना गेलगे या भाषासंस्थेचे अध्यक्षही होते. मनातलं बोलायचं तर आपल्याच भाषेत, हे तुमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. शिवाय तुमचे आभार मला माझ्या मराठी माणसांसमोर मानायचे आहेत.

मी सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे 2005 साली डब्लिनला आले. मुलगी मोठी झाल्यावर पुन्हा शिकावंसं वाटलं, तेव्हा माझं वय होतं 41. एका ठिकाणी चौकशीला गेले. तिथल्या माणसाने जन्मतारीख पाहिली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "आता, या वयात?" मी अर्ज पिशवीत घालून घरी आले. कपाटावर ठेवून दिला.

त्याच सुमारास वाचनालयात तुमच्याबद्दल वाचलं. 1934 सालचा जन्म, बेलफास्टजवळच्या एका प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या घरात. ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण, मग संसार, मुलंबाळं. 1960 च्या दशकात लेबर पक्षाचं संसदेतलं काम पाहिलंत. आणि 1977 साली वकिलीची सनद घेतलीत, तेव्हा तुम्ही 42 वर्षांच्या होतात! पुढच्या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या: 1979 साली पोटनिवडणूक जिंकून सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, अपक्ष सेनेटर, 1994 मध्ये सर्किट कोर्टाच्या न्यायाधीश, दोन वर्षांनी हायकोर्ट, 2000 साली सुप्रीम कोर्ट. मी कपाटावरचा अर्ज खाली काढला. पहिले आभार त्याचे.

दुसरे आभार मोठे आहेत. त्यासाठी मला आमच्या वाड्यात जावं लागेल.

सांगलीत आम्ही वाड्यात राहायचो, सात बिऱ्हाडं. समोरच्या खोलीतली मुलगी माझ्याच वर्गात होती. आठवड्यातून दोन-तीनदा तिला मार बसायचा. तो आवाज सगळ्या वाड्याला ऐकू जायचा. अशा वेळी माझी आजी उठायची आणि रेडिओचा आवाज वाढवायची. आकाशवाणी सांगलीवर जे काही लागलेलं असेल ते, भजन असो की शेतीचे बाजारभाव. दुसऱ्या दिवशी ती मुलगी चैत्राच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून शाळेत यायची. बाईंनी तिला कधी विचारलं नाही. मीही नाही. माझी आजी दुष्ट नव्हती हो. दुसऱ्याच्या पोराला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी बाई होती ती. पण आई-बापांनी पोराला काय करावं हा त्यांच्या घरातला मामला, असं ती मानायची. वाडाही तेच मानायचा.

2012 च्या सप्टेंबरात माझा समाजकार्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये एका तासाला आम्हाला किलकेनी प्रकरणाच्या चौकशी अहवालातली काही पानं दिली. 1993 सालचा हा अहवाल, समितीच्या अध्यक्ष तुम्ही. एका बापाने पोटच्या मुलीवर वर्षानुवर्षं केलेला अत्याचार. ती मुलगी दवाखान्यात येत होती, डॉक्टरांना दिसत होती, आरोग्य खात्याच्या माणसांना माहीत होती. तरीही थांबवलं कुणी नाही. हे सगळं वाचताना मी वाचत होते तो आयर्लंड, पण कानात वाजत होता आमच्या आजीचा रेडिओ.

त्या अहवालात तुम्ही फक्त माणसांच्या चुका मोजून थांबला नाहीत. थेट राज्यघटनेवर बोट ठेवलंत. 1937 ची घटना कुटुंबाच्या हक्कांना इतकं मोठं स्थान देते की कळत-नकळत मुलांपेक्षा आई-बापांच्या हक्कांचं मोल जास्त मानलं जाऊ शकतं, असं लिहिलंत. मुलांचे हक्क घटनेत स्वतंत्रपणे नोंदवा, ही शिफारस केलीत. मला वाटतं, हे राजकारणातून आलेल्या माणसालाच इतकं स्वच्छ दिसलं असेल. नियम लिहिणारी माणसं कशी बसतात, कशी वाद घालतात, काय सोडून देतात, हे तुम्ही सेनेटच्या बाकावरून पाहिलं होतं. घटना माणसांनी लिहिली आहे, तेव्हा माणसांनी ती बदलावी, हे तुमच्यासाठी सरळ होतं.

राजकारणी माणूस न्यायाधीश झाला की आपल्याकडे लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडायच्या. निकाल देताना हा माणूस आपलं राजकारण रेटणार, अशी धास्ती असते. ती धास्ती तुमच्या एका निकालाने गेली. विद्यार्थी म्हणून वाचला तेव्हा मला तुमचा रागच आला होता, हे कबूल करते.

2006 सालचा, 'बेबी ॲन'चा निकाल. जन्मदात्यांनी दत्तक द्यायला काढलेली मुलगी. चार महिन्यांची असल्यापासून दुसऱ्या जोडप्याच्या घरात वाढत होती, त्यांनाच आई-बाबा समजत होती. पुढे जन्मदात्यांनी लग्न केलं आणि मुलगी परत मागितली. लग्न झाल्यामुळे घटनेच्या दृष्टीने ते आता 'कुटुंब' झाले, मुलीची जागा तिथेच आहे असं गृहीत धरणं भाग पडलं. हायकोर्टाने मुलीला आहे तिथे ठेवलं होतं, सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. दोन वर्षांच्या मुलीला घर बदलायला लागलं. आणि तुम्ही त्या निकालाला संमती दिलीत.

मी पुन्हा वाचला. आणि तेव्हा दिसलं की तुम्ही लिहिलंय, हे अपील मी अनिच्छेने आणि काहीशा खेदाने मान्य करते. घटनेतल्या मुलांच्या स्थानावर टीका करणाऱ्यांत मीही आहे, हेही तुम्ही निकालातच सांगून टाकलंत, लपवून ठेवलं नाहीत. आणखी एक गोष्ट तुमच्याच नजरेला आली: कोर्टात प्रत्येक बाजूला वकील होते, पण जिच्यावर हा सगळा खटला चालला होता, त्या मुलीच्या वतीने वेगळं बोलणारं कुणी नव्हतं. ती ओळ मी वहीत उतरवून घेतली. सेनेटर असताना तुम्ही 'कायदा बदला' म्हणू शकत होतात. 1983 साली गर्भपातबंदी घटनेत घालायची दुरुस्ती आली तेव्हा तुम्ही विरोध केलाच होता. पण न्यायासनावर बसल्यावर आहे तो कायदा लावायचा, मनाला टोचत असला तरी, आणि टोचतोय हे उघड सांगायचं. मला आवडणारा निकाल तुम्ही दिला असतात तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. इतका विश्वास मात्र बसला नसता.

जिथे कायद्यात जागा होती तिथे तुम्ही मागे हटलाही नाहीत. 2003 च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, म्हणजे जन्माने आयरिश नागरिक असलेल्या मुलांच्या परदेशी आई-बापांना देशाबाहेर काढावं का, या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सातपैकी पाच न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. विरोधात दोघं, त्यातल्या एक तुम्ही. आम्हा बाहेरून आलेल्यांना तो खटला ठाऊक असतो. त्या आई-बापांत मी नव्हते, माझा व्हिसा साधासुधा नोकरीवाल्या नवऱ्याचा. पण परक्या आई-बापांच्या पोरालाही स्वतःचा हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयात कुणीतरी लिहून ठेवलंय, याचा आधार वाटतो. पुढच्याच वर्षी सार्वमताने जन्मसिद्ध नागरिकत्वाचा तो नियमच बदलला, हेही खरं.

10 नोव्हेंबर 2012. शनिवार होता. मुलांच्या हक्कांच्या घटनादुरुस्तीचं सार्वमत. त्याच वर्षी मला नागरिकत्व मिळालं होतं, आयर्लंडमधलं माझं पहिलं मत. शाळेच्या हॉलमध्ये मतदान केंद्र, दोरीने बांधलेली पेन्सिल. फुली मारताना हात थरथरत होता, थंडीमुळे असेल. बाहेर आले तेव्हा नवरा म्हणाला, "एवढा वेळ का लागला?" मी काही बोलले नाही. सुमारे 58 टक्के लोकांनी होकार दिला. कोर्टकज्जे संपून दुरुस्ती घटनेत यायला 2015 उजाडलं. तुमच्या अहवालापासून मोजलं तर 22 वर्षं.

आता मी याच क्षेत्रात काम करते. मधूनमधून आपलीच माणसं समोर येतात, मराठी, गुजराती, तेलुगू. चहा पुढे करतात आणि मग म्हणतात, "ताई, तुम्ही तर आपल्यातल्या. आमच्याच पोराला दोन रट्टे दिले तर बिघडलं कुठे?" त्यांना तोडून बोलता येत नाही. ती माणसं वाईट नसतात, घाबरलेली असतात, थकलेली असतात. मी चहा घेते आणि त्यांना आजीच्या रेडिओची गोष्ट सांगते. कधी कधी खोलीत शांतता पसरते. कधी नाहीही पसरत. हे पत्र मराठीत लिहायचं कारण हेच. त्या वाड्यातली कुणी ते वाचलं तर वाचो. तीही, जिने चैत्रात स्वेटर घातला होता.

तुम्हाला बोलताना मी फक्त चित्रफितींत ऐकलंय. निवृत्तीनंतरही, कायदा सुधारणा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळताना आणि त्यानंतरसुद्धा, आश्रय मागणाऱ्यांच्या निवासकेंद्रांत वाढणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही बोलत राहिलात, तेव्हा तुमचा आवाज जराही चढलेला नसायचा. मी तसं बोलायचा प्रयत्न करते. अजून जमत नाही.

उद्या सकाळी साडेनऊला एका घरी पहिली भेट आहे. वहीचं पान आत्ताच तयार करून ठेवलंय. सगळ्यात वर मुलीचं नाव लिहिलं आहे, आई-वडिलांची त्याखाली.

तुमची ऋणी,
डब्लिनमधली एक सांगलीकर