वावर विकायचा विषय

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. मंगेश,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, आई, नाल्याकडचं वावर विकू आणि बाबांच्या मेंदूत ते मनातले इशारे टिपून संगणक चालवणारं यंत्र बसवू. तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून लिहिते. तू पाठवलेलं सगळं मी वाचलं. अडलं ते आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं.

बाबांसारखी मान मोडून हातपाय लुळे पडले तरी हात हलवायचा हुकूम देणारा मेंदूचा भाग कामच करत असतो, हे वाचून मी थांबलेच. कारण ते मी रोज बघते. बाबांच्या नाकावर माशी बसली की मला हाक मारायच्या आधी त्यांचा उजवा खांदा जरासा वर येतो. हात उठत नाही, पण उठवायचं त्यांनी सोडलेलं नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे मोटर चालू आहे, पाइप फुटला." त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. आपल्यातच जोर उरला नाही, असं त्यांना आजवर वाटत होतं रे.

2004 साली अमेरिकेत मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूवर 4 मिलिमीटरची चौकोनी चिप बसवली, 96 बारीक सुयांनी मेंदूतले इशारे टिपणारी. त्यानं नुसत्या विचारानं पडद्यावरचा बाण हलवला, टीव्ही चालवला. 2021 साली हातपाय लुळे पडलेल्या एका माणसानं मनातल्या मनात अक्षरं गिरवली आणि संगणकानं ती मिनिटाला 90 या वेगानं ओळखली. बाबा कापसाचा हिशोब वहीत किती सुबक लिहायचे, ते आठवून मला भरून आलं.

पण वावर विकायचं नाही. हे यंत्र अजून दुकानात विकत मिळत नाही, चाचण्या चालू आहेत. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून यंत्राचे पैसे घेत नसतात. कुणी मागितले तर सरळ फोन ठेव. शिवाय कवटी उघडावी लागते. 2024 मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीनं पहिल्या माणसाला असं यंत्र बसवलं, त्याच्या बऱ्याच तारा काही आठवड्यांतच जागेवरून सरकल्या. सॉफ्टवेअर सुधारून काम पुन्हा सुरू झालं, हे खरं. पण बाबांच्या डोक्याला हात लावू द्यायचा तर मला याहून जास्त खात्री हवी.

आणि मला मनापासून वाटतं, हे आधी ज्यांची वाचाच गेली त्यांना मिळावं. कॅलिफोर्नियात अशाच एका आजारी माणसाचं बोलणं मेंदूतून टिपून संगणकानं म्हणून दाखवलं, शंभरातले 97 शब्द बरोबर. त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल! आपल्या बाबांचा आवाज शाबूत आहे. मग त्या आवाजावर काम कर ना.

मी आशा सेविकेच्या कामाला बाहेर पडले की ते बाजेवर एकटे असतात. पंखा, दिवा आणि फोन, एवढं त्यांना स्वतः करता आलं पाहिजे. आपला फोन मराठीत ऐकतो, पण तो आधी हातात घेऊन चालू करावा लागतो, आणि रेंज गेली की मुका. इथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तुला माहीत आहे. म्हणून बॅटरीवर चालणारं, इंटरनेटशिवाय ऐकणारं काहीतरी जुळव. आवाज बसला असेल त्या दिवसासाठी भुवई उडवली की घंटी वाजेल, असंही कर. फोनचा कॅमेरा चेहऱ्याची हालचाल ओळखतो, हे तूच मला दाखवलं होतंस.

काय हवं ते मात्र त्यांनाच विचार. मी विचारलं तेव्हा हात मागितला नाही त्यांनी. म्हणाले, जिनिंगवाल्याला फोन लावून कापसाचा भाव मला स्वतः विचारायचा आहे.

फोन रात्री आठनंतर कर, त्याआधी त्यांची कूस बदलून पाठ पुसायची असते.

तुझी,
आई